फरशी बदलली, बाटली तीच

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवलं. काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांची ही पेठ नवी होती. सर्वसामान्य घरांतली जमीन मात्र मातीचीच. ती धुवायची नसे. शेणाने सारवायची, शिराईने हलक्या हाताने झाडायची, सणाआधी पुन्हा पोतेरं फिरवायचं.

मग शहाबादी आली, पुढे राजस्थानचा कोटा. दोन्ही चुनखडीचे दगड. लाल कोबा आणि मोझॅक सिमेंटचे. या सगळ्यांना ओलं फडकं आणि अधूनमधून फिनेलचं पाणी पुरतं. घोळ झाला तो मोरीसाठी आणलेलं ॲसिड सोप्यात आल्यावर. हे हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडीवर पडलं की फसफसतं. पाहणाऱ्याला वाटतं, मळ निघतोय. विरघळत असतो तो दगडच! झिलई जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढचा मळ त्यात आणखी घट्ट बसतो.

गॅरेजच्या कोब्यावरही ॲसिड नकोच. ते सिमेंट खातं, ऑइल सोडवत नाही. ऑइल सांडताच लाकडाचा भुसा टाकावा, तो तेल प्यायला की झाडून घ्यावा, मग गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ताठ ब्रश. पेट्रोलने जमीन पुसण्याची सवय तर थेट आगीला आमंत्रण देते.

जयसिंगपूर ज्यात येतं त्या शिरोळ तालुक्याला सफाईचा सर्वांत कठीण धडा मिळाला तो २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत. कृष्णा-पंचगंगेचं पाणी ओसरलं की उरतो चिकट गाळ. तो वाळला की सिमेंटसारखा धरतो. म्हणून ओला असतानाच फावड्याने आणि वायपरने ओढून काढायचा. नंतर साबणाचं पाणी, आणि ब्लीचिंग पावडर सगळ्यात शेवटी, कारण गाळातच तिचा क्लोरीन खर्ची पडतो. ती ॲसिडमध्ये कधीच मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो. ही सूचना घरोघरी पोचायलाच हवी.

आता नव्या घरांत गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल दिसतात. त्या पाणी जवळजवळ शोषत नाहीत. चमचाभर साबण, बादलीभर पाणी आणि मायक्रोफायबरचा मॉप एवढ्यावर भागतं. ॲसिड त्यांना सहसा डागाळत नाही, पण सांध्यांतलं सिमेंट मात्र झडतं.