वरची आच

ओळखीतलं कुणी गावाला जाताना घराची किल्ली देऊन जातं, आणि त्या घरात भिंतीत बसवलेला ओव्हन, वजनकाटा, फेटण्याचं यंत्र, थंडगार संगमरवरी ओटा असं सगळं असतं. मग मनात मांडे भाजले जाऊ लागतात. खरे मांडे मात्र तिथे करायला घेऊ नयेत. मांड्यांची सगळी मदार पुरण भरलेली पोळी हातांवर झेलत मोठी करण्यावर आणि उपड्या खापरावर असते. महागडा ओव्हन तिथे नुसता बघ्या. चांगली साधनं असताना अवघड पदार्थ निवडावा हे ठीक, पण अवघडपणा दोन तऱ्हांचा असतो. हाताचा अवघडपणा वर्षांच्या सवयीनेच जातो, साधनाचा मात्र योग्य साधन मिळालं की त्याच दिवशी. उसन्या स्वयंपाकघरात हा दुसऱ्या तऱ्हेचा अवघड पदार्थ करावा, असं माझं म्हणणं आहे.

गोव्याची बेबिंका घ्या. जिन्नस साधे: अंड्यांचे बलक, नारळाचं दाट दूध, साखर, मैदा, जायफळ आणि तूप. मिश्रण कुणालाही जमेल. अडतं ते आचेच्या दिशेपाशी. गॅसची शेगडी खालून तापवते आणि बेबिंकेला आच वरून हवी. पूर्वी ती झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून मिळवत. ओव्हनची वरची कॉइल तेच काम करते. तूप लावलेल्या भांड्यात पळीभर मिश्रण ओतायचं, माथ्यावर तपकिरी ठिपके उमटेपर्यंत भाजायचं, चमचाभर तूप सोडायचं आणि पुढची पळी ओतायची. पहिला थर बसला की खालची कॉइल बंद, नाहीतर शेवटच्या थरापर्यंत तळ वातड होतो. घाई केली तर दोन थर एकजीव होतात आणि कापल्यावर पट्ट्या दिसत नाहीत, कारण ती गडद पट्टी म्हणजे प्रत्येक थराचा करपण्याच्या जरा अलीकडे थांबवलेला माथा. थर सात, हौस असेल तर सोळा. एका थराला दहा मिनिटं धरली तरी सोळांना अडीच तासांहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलता येत नाही.

क्रोसाँचंही असंच. तीनदा तिपेडी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात. लोणी वितळलं की एकही उरत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात ते ओट्यावरच वितळतं. चिरोट्यांनी या उकाड्याशी कधीच जुळवून घेतलंय: तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा थरांमध्ये टिकून राहतो. म्हणून चिरोटे घरी करावेत, क्रोसाँ वातानुकूलित स्वयंपाकघर मिळेल तेव्हा.

यावर जाणती माणसं म्हणतील, परक्या ओव्हनचा भरवसा काय? नेहमीचाच पदार्थ करावा. शंका रास्त आहे. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं नेहमी जमतंच असं नाही. पण ते तपासता येतं. साखर सुमारे १८६ अंश सेल्सिअसला वितळते. चमचाभर साखर आधी १७५ वर, मग १९० वर पंधरा-पंधरा मिनिटं ठेवावी. पहिल्याच खेपेला वितळली तर ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतो. दुसऱ्या खेपेलाही कोरडी राहिली तर कमी. दहा बलक वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: किल्ली परत गेली की ओव्हनही गेला, मग शिकून उपयोग काय? तर निखाऱ्यांच्या झाकणाखाली थर कसा बसतो ते दिसत नाही, ओव्हनच्या काचेतून दिसतं. कडा आधी धरतात, मध्य उशिरापर्यंत थरथरतो, मग ठिपके येतात. हा क्रम एकदा डोळ्यांनी पाहिला की कोकणातलं काकडीचं धोंडस, ज्याला वर-खाली निखारे लागतात, तेही अंदाजाने जमू शकतं. झाकण कधी उचलायचं ते कळलेलं असतं. राहता राहिला प्रश्न दहा अंड्यांच्या पांढऱ्याचा. फेटण्याचं यंत्र समोरच असतं; बेबिंका गार होईपर्यंत साखर घालून ते घट्ट फेटावं आणि मंद ओव्हनमध्ये मेरँग सुकत ठेवावं.