बाटलीतले बुडबुडे थांबत नाहीत तेव्हा

मागच्या भागात आपण छातीत पाणी होण्याबद्दल बोललो. आज छातीत हवा साठण्याबद्दल बोलू. मी जबलपुरात छातीच्या आजारांची डॉक्टर आहे. आमच्याकडे बिडी ओढणारे खूप, आणि जुना क्षयरोग होऊन गेलेलेही खूप. म्हणून हा आजार आम्हाला नेहमी भेटतो.

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ६२, चाळीस वर्षं बिडी. एका पहाटे खोकताना छातीत कळ आली आणि दम लागला. एक्स-रेमध्ये उजवं फुफ्फुस आकसलेलं दिसलं. फुफ्फुसावरचा एक हवेचा फुगा फुटला होता. आम्ही बरगड्यांमधून छातीत नळी घातली आणि ती पाण्याच्या बाटलीला जोडली.

ही बाटली म्हणजे साधी पण हुशार युक्ती आहे. हॅम्बुर्गच्या गोथार्ड ब्यूलाऊ या डॉक्टरांनी ती १८७५ मध्ये वापरली. नळीचं टोक पाण्याखाली असतं. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पण बाहेरची हवा पाण्यामुळे आत जाऊ शकत नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टपात बुडवून भोक शोधतो ना, तसंच आहे. बुडबुडे म्हणजे भोक अजून उघडं आहे.

बहुतेकांचे बुडबुडे काही दिवसांत थांबतात. फुफ्फुस फुगतं, छातीच्या भिंतीला टेकतं आणि भोक बुजतं. पण गळती ५ ते ७ दिवसांनंतरही चालू राहिली, तर तिला आम्ही चिवट गळती म्हणतो. काकांचा आठवा दिवस होता. मुलगा रोज सकाळी मला एकच विचारायचा, “मॅडम, आज कमी झालेत का?”

त्याच दिवशी एक प्रसंग घडला. एक्स-रेला नेताना बाटली सांडू नये म्हणून सोबतच्या नातेवाइकाने नळीला चिमटा लावला. पाच मिनिटांत काका घामाघूम झाले, ओठ निळसर पडले. सिस्टरने धावत येऊन चिमटा काढला, तसा भसाभसा बुडबुड्यांचा लोंढा आला आणि जीव वाचला. हवा आत साठत राहिली की ती फुफ्फुसाला आणि हृदयालाही दाबते. म्हणून लक्षात ठेवा: बुडबुडे येत असलेली नळी स्वतःहून कधीही बंद करायची नाही, आणि बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवायची.

आता प्रश्न उरला, पुढे काय? माणूस धडधाकट असेल, तर दुर्बिणीने दोन-तीन लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया करून तो फुगा कापून शिवणं हा भक्कम उपाय आहे. सर्जनचं मत लवकर घ्यावं, आठवडे वाट पाहू नये. काकांनाही सर्जननी तपासलं. पण त्यांचं फुफ्फुस इतकं कमजोर होतं की पूर्ण भूल सोसली नसती. मुलाला वाटलं, आता सगळं संपलं. तसं नव्हतं. नुसती वाट पाहणं आणि छाती उघडणं, यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी रुग्णाच्याच रक्ताची. हाताच्या शिरेतून साधारण ५० ते १०० मिली रक्त काढायचं आणि गोठायच्या आत नळीतून छातीत सोडायचं. नळी बंद न करता स्टँडवर उंच टांगायची, म्हणजे रक्त आत राहतं पण हवेला वाट असते. रक्ताची गुठळी भोकावर ठिगळासारखी बसते. खर्च अगदी कमी, भूल लागत नाही. धोके दोन: जंतुसंसर्ग, आणि गुठळीने नळीच तुंबणं. म्हणून त्यानंतर काही तास नजर ठेवावी लागते. काकांचे बुडबुडे यामुळे निम्म्याने कमी झाले, पण थांबले नाहीत.

दुसरी पायरी श्वासनलिकेतल्या दुर्बिणीची. तोंडातून किंवा नाकातून दुर्बीण आत नेऊन एकेका फाट्यात छोटा फुगा फुगवायचा आणि बाटलीकडे बघायचं. शेतात पाणी कुठून फुटतंय ते शोधायला आपण पाटाची एकेक बारी बंद करतो, तसं. काकांच्या उजव्या वरच्या भागाचा एक फाटा बंद केला आणि बाटली शांत झाली. खोलीतले आम्ही सगळे क्षणभर बोललोच नाही.

मग त्या फाट्यात छोट्या छत्रीसारखी एकेरी झडप बसवली. श्वास घेताना हवा तिच्यापुढे जात नाही, पण आतली हवा आणि कफ बाहेर येऊ शकतो. भोकाकडे हवा पोचेनाशी झाली की त्याच्या कडांना विश्रांती मिळते आणि ते भरून येतं. अमेरिकेत अशा झडपेला फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीसाठी २००८ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. काही ठिकाणी झडपेऐवजी सिलिकॉनचं बूच किंवा वैद्यकीय गोंद वापरतात.

काकांचे बुडबुडे तिसऱ्या दिवशी थांबले, नळी निघाली. सहा आठवड्यांनी झडपही काढली. ते स्वतः चालत आले होते.

पण हे सगळ्यांना लागू पडतं असं समजू नका. शेजारच्या भागातून आडवाटेने हवा येत असेल, तर झडप निरुपयोगी ठरते. झडप महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, आणि तिच्या उपयोगाबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. क्षयरोग चालू असेल तर त्याची औषधं आधी हवीत. काहींसाठी छोटी झडप लावलेली नळी घेऊन घरी जाणं आणि वाट पाहणं हेच शहाणपणाचं असतं.

म्हणून तुमच्या घरी कुणाच्या छातीत अशी नळी असेल, तर बुडबुडे कधीपासून आहेत ते वहीत लिहून ठेवा. पाचव्या दिवशी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. सर्जनचं मत घेतलं का? शस्त्रक्रिया झेपत नसेल, तर रक्ताचं ठिगळ किंवा दुर्बिणीचा उपाय इथे होतो का? आणि इथे होत नसेल, तर कुठे पाठवाल? आमच्याकडची माणसं अशा वेळी नागपूरची गाडी पकडतात. पकडा, पण नळी उघडी, बाटली खाली आणि सोबत जाणकार माणूस, एवढं बघूनच निघा.

काकांनी बिडी सोडली आहे. मुलगा मात्र गुपचूप ओढतो, असं काकूंनी मला हळूच सांगितलं. म्हणून पुढचा भाग बिडी सोडण्यावर. नमस्कार.