झुरिचचे वार्तापत्र : दप्तरात नसलेली आई

झुरिच : स्विस पासपोर्टवर जन्मगाव छापत नाहीत, मूळगाव छापतात. वाडवडील ज्या गावचे नागरिक ते आपले मूळगाव, मग तिथे आपण आयुष्यात पाऊल टाकलेले नसले तरी चालते. भारतातल्या अनाथाश्रमातून तान्हेपणी इथे आलेल्यांच्या पासपोर्टवरही दत्तक घराण्याचेच गाव असते. आरशातला चेहरा मात्र वेगळेच काही सांगतो.

1979 ते 2002 या काळात भारतातून सुमारे सव्वादोन हजार मुले स्वित्झर्लंडमध्ये दत्तक आली. ती आता मध्यमवयाकडे झुकली आहेत आणि त्यांतले बरेचजण आई शोधताहेत. हा देश 26 कँटनांचा. कँटन म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखे, पण अधिकार कितीतरी जास्त. दत्तकाच्या फायलीही तिथेच असतात. झुरिच आणि थुरगाव या दोन कँटनांनी आपली जुनी दप्तरे संशोधकांपुढे उघडली आणि 2024 मध्ये तो अभ्यास पुस्तकरूपाने आला. स्विस कायद्याला जन्मदात्यांची संमती हवी होती. तपासलेल्या फायलींमध्ये तसा कागदच नव्हता, तरीही मंजुरीचे शिक्के बसले होते.

हे घडले कसे? आपला 1956 चा दत्तक कायदा फक्त हिंदूंपुरता. परदेशी जोडप्याला आपली न्यायालये 1890 च्या कायद्याने केवळ पालकत्व देत. मूल इथे येई, काही काळ सांभाळासाठी ठेवलेले म्हणून राही आणि मग कँटन दत्तकविधान पूर्ण करी. साहजिकच कागद तीन ठिकाणी विखुरले : आश्रमाचे रजिस्टर, आपले न्यायालय आणि कँटनची फाइल. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये कडक अटी घातल्या. त्याआधीचा कारभार बराचसा संस्थांच्या मर्जीवर चाले.

स्विस सरकार हे आज ऐकून घेते, कारण घरचेच पाप त्याने आधी कबूल केले आहे. गरिबांची आणि अविवाहित मातांची मुले विसाव्या शतकातही इथले अधिकारी उचलून शेतकऱ्यांकडे राबायला ठेवत. 2013 मध्ये सरकारने जाहीर माफी मागितली. 2017 मध्ये लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक पीडिताला 25,000 फ्रँक आणि स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क मिळाला. जानेवारी 2025 मध्ये परदेशातून दत्तक घेणेच बंद करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला.

पण इथली फाइल उघडली तरी पुढची वाट आपल्याकडेच येते. पुण्यात 1973 मध्ये जन्मलेले, जर्मनीत वाढलेले अरुण डोहले आपल्या कागदांसाठी भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षे लढले, तेव्हा 2010 मध्ये त्यांना आई भेटली. आता ‘कारा’कडे, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, मूळशोधाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तिऱ्हाईताला असा शोध घेता येत नाही, आणि आईच्या खासगीपणाला धक्का लागू द्यायचा नाही, असा नियम आहे. तो योग्यच आहे.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात तर गुंता दुप्पट. समजा, रजिस्टरात नुसते ‘करजगी’ लिहिले आहे. मग कुठली? आमची अफझलपूर तालुक्यातली, अक्कलकोटची, जतची की हावेरीची? जिल्हा ‘गुलबर्गा’ लिहिला असेल तर 2014 पासून तो कलबुर्गी झाला आहे. गाव कर्नाटकातले, दवाखाना सोलापूरचा, नोंद कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये. झुरिचमध्ये वाढलेल्या माणसाने हे कुणाला विचारायचे?

आमच्याच भागातून वाहणाऱ्या भीमेच्या काठी पंढरपुरात 1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम उभारला. अडलेल्या बाईला आसरा द्यायची रीत आपल्याला नवी नाही; तिची नोंद जपायची रीत मात्र आपण लावून घेतली नाही.

म्हणून गावाकडच्या वाचकांना दोन विनंत्या. जुन्या आश्रमांची, प्रसूतिगृहांची रजिस्टरे रद्दीत घालू नका, वाळवीच्या तोंडी देऊ नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. आणि उद्या परदेशातून कुणी आईची चौकशी करत गावात आले, तर चावडीवर चर्चा करू नका. त्या बाईचा संसार असेल, नातवंडे असतील. पाहुण्याला कक्षाचा पत्ता द्या. भेटायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या.