सोलापूरचे पॉली उमरीगर

सोलापूर म्हटलें म्हणजे गिरण्यांचे भोंगे व चादरी आठवतात. परंतु भारतीय क्रिकेटचा एक आधारस्तंभ याच शहरीं जन्मला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पहलन रतनजी ऊर्फ पॉली उमरीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजीं येथील एका पारशी कुटुंबांत झाला.

फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासेस भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, त्यांत उमरीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या. त्याच वर्षीं इंग्लंडमध्यें मात्र कसोटींतील सात डावांत मिळून त्यांच्या अवघ्या ४३ धावा झाल्या! त्या मालिकेंत २९ बळी घेणाऱ्या फ्रेड ट्रूमनपुढें ते मागें सरतात, अशी टीका झाली. परंतु याला केवळ भीति म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्याकडील खेळपट्ट्या तेव्हां संथ होत्या, आणि सरावास तसा वेगवान गोलंदाज नव्हता. मग डोळ्यांस व पायांस त्या वेगाची ओळख व्हावी कोठून? दौऱ्यावरील इतर सामन्यांत त्यांनीं दीड हजारांवर धावा काढल्या, हेंहि विसरतां कामा नये.

पुढें नोव्हेंबर १९५५ मध्यें हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटींत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५९ सालीं मँचेस्टर येथें त्यांनीं इंग्लंडविरुद्ध ११८ धावा केल्या.

मग १९६२ साल उजाडलें. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत बार्बाडोस येथें चेंडू डोक्यावर आदळून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारीं पोंचले. संघावर त्या प्रसंगाची छाया असतांना, पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटींत वेस्ली हॉलच्या वेगास तोंड देऊन उमरीगरांनीं ५६ व नाबाद १७२ धावा काढल्या. शिवाय एका डावांत पांच गडी बाद केले. भारत सामना हरला. पण दहा वर्षांपूर्वींच्या आक्षेपाचें निरसन झालें.

त्याच वर्षीं ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. ५९ सामने, ३६३१ धावा व १२ शतकें हे त्या वेळचे भारतीय उच्चांक होते. ७ नोव्हेंबर २००६ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. क्रिकेट नियामक मंडळाचा एक मानाचा पुरस्कार त्यांच्या नांवानें दिला जातो.

एका परीक्षेच्या गुणांवरून विद्यार्थ्याची योग्यता ठरवूं नये, असें आम्हां शिक्षकांस वारंवार वाटतें. ४३ या आंकड्यावर उमरीगरांचें मूल्यमापन करणाऱ्यांनीं १९६२ पर्यंत वाट पाहावयास हवी होती.