सभासदाची जीभ कोणाच्या सत्तेची?

निवडणुका झाल्या, प्रतिनिधी निवडून गेले, सभागृह भरले, म्हणजे लोकसत्ता स्थापन झाली, असा एक समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. हा समज अर्धवट आहे. प्रतिनिधी सभागृहात जातो तो केवळ आसन अडविण्यासाठी नव्हे, तर बोलण्यासाठी. आणि त्याने काय बोलावे व काय बोलू नये हे ठरविण्याचा अधिकार जर बाहेरील कोणा सत्ताधीशाच्या हाती असेल, तर त्या सभेस लोकांची सभा म्हणण्यापेक्षा होयबांचा दरबार म्हणणेच अधिक यथार्थ होईल. ही गोष्ट दिसावयास साधी आहे. परंतु ती प्रस्थापित करण्यास इंग्लंडातील लोकांस सतराव्या शतकाचा बहुतेक सर्व काळ खर्ची घालावा लागला.

साता समुद्रांपलीकडील ही जुनी भांडणे उकरून काढण्यात आम्हास काय लाभ, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, भारतीय संविधानाच्या १०५ व्या व १९४ व्या अनुच्छेदांनी संसदेतील व विधिमंडळांतील सभासदांस जे भाषणस्वातंत्र्य दिले आहे, त्याचे मूळ या भांडणातच आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत तर आमच्या सभागृहांच्या इतर विशेषाधिकारांचे माप म्हणून इंग्लंडच्या कॉमन्स सभेचे नाव संविधानात स्पष्टपणे लिहिलेले होते. जी मालमत्ता आपण वारसाने घेतली, ती मूळ मालकाने कोणत्या किमतीस मिळविली हे पाहणे शहाणपणाचेच होय.

इंग्लंडात नवीन पार्लमेंट भरले म्हणजे कॉमन्स सभेच्या सभापतीने राजासमोर उभे राहून सभेच्या हक्कांची मागणी करावयाची, अशी जुनी वहिवाट होती. त्या मागणीत भाषणस्वातंत्र्याचा समावेश १५२३ साली सर टॉमस मोर याने केल्याचे नमूद आहे. राजाने ‘दिले’ म्हणावयाचे आणि सभेने कामास लागावयाचे. पण याच शिष्टाचारात कलहाचे बीज होते. जे मागून मिळते ते दान. आणि दान देणारा मर्जी फिरली म्हणजे ते परतही घेऊ शकतो. सभेचे म्हणणे असे की, आम्ही मागतो ती केवळ रीत म्हणून. वस्तू मूळची आमचीच आहे. १६२१ साली पहिल्या जेम्स राजाने, राजपुत्राचा विवाह व परराष्ट्रांशी व्यवहार या विषयांत सभेने तोंड घालू नये, अशी ताकीद दिली आणि सभेचे हक्क हे आपल्या पूर्वजांच्या कृपेचे फळ आहे असे बजावले. तेव्हा १८ डिसेंबर रोजी सभेने आपल्या दप्तरात लेखी निषेध नोंदविला की, हे हक्क प्रजेचे जन्मसिद्ध व वारसाप्राप्त आहेत. राजाने ते दप्तर मागवून घेतले आणि निषेधाचे पान स्वतःच्या हाताने फाडून टाकले. वृद्ध कायदेपंडित सर एडवर्ड कोक याची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. कागद फाडला म्हणजे विचारही फाटतो, हा राज्यकर्त्यांचा भ्रम पुरातन आहे.

पुढे १६२५ साली पहिला चार्ल्स गादीवर आला आणि हा वाद वर्दळीवर आला. या प्रकरणातील मुख्य पुरुष सर जॉन इलियट हा होय. कॉर्नवॉल प्रांतातील हा जमीनदार आरंभी राजाचा लाडका सरदार बकिंगहॅम याच्याच आश्रयाने वर चढलेला होता. परंतु बकिंगहॅमच्या कारभारात देशाचा पैसा व सैन्य यांची धूळधाण होत आहे अशी खात्री पटताच त्याने आश्रयदात्याची भीड धरली नाही. मे १६२६ मध्ये बकिंगहॅमवरील महाअभियोगाच्या प्रसंगी त्याने त्या सरदाराची तुलना रोमन बादशहा टायबीरियस याचा कुप्रसिद्ध मंत्री सेजेनस याच्याशी केली. मंत्री सेजेनस ठरला म्हणजे धनी कोण ठरतो, हे समजण्याइतका चार्ल्स खास चतुर होता! इलियट व त्याचा सहकारी डडली डिग्ज यांस दुसऱ्याच दिवशी तुरुंगात टाकण्यात आले. सभेने त्यावर एकच उपाय योजिला. आपले सभासद परत येईपर्यंत कामकाजच करावयाचे नाही, असे तिने ठरविले. आणि राजास दोघांसही सोडावे लागले.

चार्ल्सची खरी अडचण पैशाची होती. सभा पैसे देण्यापूर्वी गाऱ्हाणी ऐका म्हणे; राजा आधी पैसे द्या म्हणे. सभा मोडून त्याने सक्तीचे कर्ज उभारले आणि ते न देणाऱ्यांस कारण न दाखविता कैदेत घातले. इलियटही त्यांत होता. याचा परिणाम म्हणजे १६२८ चा ‘पिटिशन ऑफ राइट’ हा सुप्रसिद्ध हक्कांचा अर्ज. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही, कारण दाखविल्यावाचून कैद नाही, लोकांच्या घरी सैनिकांची उतारसक्ती नाही व शांततेच्या काळी लष्करी कायदा नाही, ही चार कलमे ७ जून १६२८ रोजी राजाने निरुपायाने मान्य केली. परंतु राजाची मान्यता आणि राजाचे वर्तन यांत किती अंतर असू शकते, हे लवकरच दिसून आले. बंदरावरील मालाची जकात पार्लमेंटने मंजूर केलेली नसताही ती वसूल होतच राहिली, आणि जकात नाकारणाऱ्या व्यापाऱ्यांत जॉन रोल हा एक सभासद असूनही त्याचा माल जप्त झाला.

२ मार्च १६२९ चा दिवस उजाडला. सभापती सर जॉन फिंच याने सभा तहकूब करण्याची राजाज्ञा सांगितली आणि तो आसनावरून उठू लागला. तोच डेन्झिल होलिस व बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोघा सभासदांनी त्यास धरून पुन्हा खाली बसविले. सभागृहाचे दार आतून बंद करण्यात आले. बाहेर राजाचा दूत दार ठोठावीत राहिला. सभापती रडू लागला. पण इलियटचे ठराव मतास टाकण्याचे धैर्य त्यास होईना. राजाज्ञेपुढे आपण लाचार आहो, हेच त्याचे पालुपद. इलियटने वैतागून कागद शेकोटीत टाकला. अखेर होलिसने ते ठराव आठवणीतून म्हणून दाखविले. धर्मात परकी मते घुसविणारा, पार्लमेंटने न मंजूर केलेली जकात घेण्याचा सल्ला देणारा आणि अशी जकात आपण होऊन भरणारा, हे तिघेही राज्याचे शत्रू होत, असा त्यांचा मथितार्थ. सभेने एकमुखाने होकाराची गर्जना केली आणि मगच ती उठली. त्यानंतर अकरा वर्षे इंग्लंडात पार्लमेंट म्हणून भरले नाही.

सभापतीस बळाने दाबून धरणे हे कृत्य आम्ही समर्थनीय मानीत नाही. सभेची शिस्त तिच्याच सभासदांनी मोडावी ही गोष्ट कोणत्याही काळी अनुकरणीय नव्हे. परंतु राजाच्या वकिलांनी धक्काबुक्की व भाषण हे दोन भिन्न विषय एकाच आरोपात गुंफिले, आणि खरा रोख भाषणावर ठेविला, हे विसरता कामा नये. किंग्ज बेंच न्यायालयापुढे इलियटचे म्हणणे एकच होते: पार्लमेंटात जे घडले त्याचा जाब मी पार्लमेंटासच देईन, अन्यत्र नाही. त्याच्या बाजूस १५१२ सालचा एक कायदाही होता. रिचर्ड स्ट्रोड नावाच्या सभासदाने कथलाच्या खाणींविषयी विधेयके आणिली म्हणून खाणवाल्यांच्या न्यायालयाने त्यास कोंडून ठेविले होते, आणि पार्लमेंटने त्याची सुटका करून असे खटले रद्द ठरविले होते. न्यायाधीशांनी निर्णय दिला की, हा कायदा त्या एका स्ट्रोडपुरताच होता. १६३० साली इलियटास दोन हजार पौंड दंड झाला व माफी मागेपर्यंत कैदेची शिक्षा झाली. त्याने माफी मागितली नाही. क्षयाने शरीर पोखरले. मोकळ्या हवेसाठी त्याने अर्ज केला, तर तो पुरेसा नम्र नाही असे उत्तर आले. २७ नोव्हेंबर १६३२ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो टॉवरमध्येच मरण पावला. पित्याचे शव कॉर्नवॉलला नेण्याची परवानगी मुलाने मागितली. राजाने तीही नाकारली. मेलेल्या वक्त्याचेही राजास भय वाटावे, याहून त्याच्या वाणीचा मोठा गौरव कोणता?

आता सभापतीच्या त्या आसनाकडे पुन्हा पाहू. रडणारा फिंच पुढे मुख्य न्यायाधीश झाला, आणि पार्लमेंटवाचून घेतलेल्या जहाजपट्टीचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. १६४० साली नवे पार्लमेंट भरून अभियोगाची वेळ येताच तो हॉलंडास पळून गेला. त्याच आसनावर आता विल्यम लेंथॉल बसला होता. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स स्वतः सशस्त्र माणसे घेऊन पिम, हॅम्पडेन, होलिस, हेझलरिग व स्ट्रोड या पाच सभासदांस पकडण्यासाठी सभागृहात शिरला. पाचहीजण आगाऊ निसटले होते. ते कोठे आहेत असे राजाने विचारिले असता, एरवी फारसा धीट म्हणून प्रसिद्ध नसलेला लेंथॉल गुडघे टेकून म्हणाला की, ही सभा आज्ञा करील त्याखेरीज या स्थानी मला पाहावयास डोळे नाहीत व बोलावयास जीभ नाही. अवघ्या तेरा वर्षांत सभापती राजाचा सेवक होता तो सभेचा सेवक झाला! तेव्हापासून इंग्लंडच्या कोणत्याही राजाने अगर राणीने कॉमन्स सभागृहाच्या बैठकीत पाऊल टाकिलेले नाही.

येथेच कथा संपविली तर ती मोठी गोड होईल. पण ती खरी होणार नाही. राजाच्या जुलुमाविरुद्ध भाषणस्वातंत्र्याची ग्वाही देणाऱ्या त्याच सभेने स्वतःच्या अल्पमतवाल्यांशी कसे वर्तन केले? १६४१ साली राजमंत्री स्ट्रॅफर्ड याचा गुन्हा महाअभियोगात शाबीत होईना, तेव्हा त्यास कायदा करूनच देहान्त शिक्षा देण्याचे विधेयक आले. फिर्यादी मंडळातीलच लॉर्ड डिग्बी उभा राहून म्हणाला की, हा मनुष्य घातक आहे असे मी मानितो; परंतु पुराव्यावाचून त्याचा प्राण घेण्यास माझे मन धजत नाही. विधेयक २०४ विरुद्ध ५९ मतांनी संमत झाले. त्या एकोणसाठ जणांची नावे देशद्रोही म्हणून भिंतीवर चिकटविण्यात आली. डिग्बीचे छापील भाषण फाशी देणाऱ्या मांगाकडून जाळविण्याचा सभेने हुकूम केला. पुढच्याच वर्षी सर एडवर्ड डेअरिंग याने आपली भाषणे छापिली म्हणून त्यास सभेतून काढून तुरुंगात धाडिले व त्याचेही पुस्तक जाळिले. राजाने पान फाडिले. सभेने पुस्तक जाळिले. दोघांत अंतर ते काय? आणि ज्या सभेने आतील विरोधकांचा आवाज दाबिला, तिचा आवाज दाबणारा तिच्याच सैन्यातून निघाला. २० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने शिपाई आणून सभागृह रिकामे केले, आणि त्याच लेंथॉलास हात धरून आसनावरून खाली उतरविण्यात आले.

दुसरेही एक न्यून सांगितले पाहिजे. ज्या मतदारांच्या नावाने हे सर्व चालले होते त्यांत परगण्यांतून वर्षास चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसणाऱ्यास स्थान नव्हते, आणि स्त्रियांस तर कोठेच नव्हते. ऑक्टोबर १६४७ मध्ये पटनी येथे सैन्याची सभा भरली असता कर्नल रेन्सबरो याने, दरिद्रीतल्या दरिद्र्यासही आपल्या संमतीवाचून राज्यकर्त्यांचे बंधन नसावे, असे निर्भीडपणे प्रतिपादन केले. पार्लमेंटाबाहेर बोलला गेलेला हा विचार पार्लमेंटातील बहुतेक भाषणांहून पुढे होता. तो अमलात येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

तथापि बी वाया गेले नाही. १६६७ साली कॉमन्स सभेने स्ट्रोडचा कायदा सर्वांस लागू असल्याचे ठरविले. १६६८ साली लॉर्ड्स सभेने इलियट, होलिस व व्हॅलेंटाइन यांच्याविरुद्धचा निर्णय फिरविला. अखेर १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की, पार्लमेंटातील भाषण, वाद व कामकाज यांबद्दल पार्लमेंटाबाहेर कोणत्याही न्यायालयात वा अन्य ठिकाणी जाब विचारला जाऊ नये. दान होते ते हक्क झाले.

आता आमच्याकडे वळू. हे कवच लोकांसाठी आहे, सभासदाच्या स्वार्थासाठी नव्हे. म्हणूनच ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९९८ चा निर्णय बाजूस सारून, लाच घेऊन केलेल्या भाषणास अगर दिलेल्या मतास हे संरक्षण नाही असे ठरविले, ते सर्वथा योग्य झाले. इलियट टॉवरमध्ये मेला तो विकत घेतलेल्या जिभेचे रक्षण व्हावे म्हणून नव्हे.

परंतु विकत घेतलेली जीभ जितकी वाईट तितकीच बांधलेली जीभही वाईट. १९८५ साली संविधानास दहावे परिशिष्ट जोडले गेले, आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे पद धोक्यात आले. पक्षांतराच्या बाजारास आळा घालणे अवश्य होते, याविषयी आमचे दुमत नाही. पण लहानमोठ्या प्रत्येक विधेयकावर पक्षादेश निघू लागला, तर सभासदाने भाषण स्वतःच्या बुद्धीने करावे आणि मत मात्र दुसऱ्याच्या बुद्धीने द्यावे, असा विपरीत प्रकार होतो. हे बंधन सरकारवरील विश्वास-अविश्वासाच्या ठरावांपुरतेच असावे, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच केली होती. ती अमलात आणावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राजे गेले, टॉवरचा तुरुंग पाहण्याची वस्तू झाला. पण मर्जी सांभाळण्याची सवय राजांबरोबर गेली असे म्हणवत नाही. फिंचप्रमाणे रडत आज्ञा पाळावयाची, की लेंथॉलप्रमाणे गुडघे टेकूनही नाही म्हणावयाचे, हा प्रश्न प्रत्येक सभागृहास व प्रत्येक सभासदास पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो. आणि जो सभासद आपल्या विरुद्ध मताच्या सोबत्यास डिग्बीची वागणूक देतो, त्याने इलियटचे नाव घेऊ नये. मतदारांनीही आपला प्रतिनिधी कोणत्या पक्षाचा एवढेच न विचारता, तो सभागृहात काय बोलला व कोणाच्या बुद्धीने बोलला, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. ती सवय जडली म्हणजे सभासदाची जीभ आपोआप मोकळी होईल.