सार्वजनिक ग्रंथालयांतील ढेकणांचा प्रादुर्भाव : स्वरूप व उपाययोजना

प्रस्तावना :
ग्रंथसंग्रहाचे शत्रू म्हणून वाळवी, कसर व बुरशी यांचा विचार ग्रंथालयशास्त्रात दीर्घकाळ होत आला आहे. त्या मानाने ढेकूण उपेक्षित राहिला. वाळवी व कसर कागदावर आणि बांधणीतील खळीवर जगतात. ढेकूण केवळ रक्तावर जगतो. ग्रंथ हे त्याचे अन्न नव्हे, परंतु वाहन होऊ शकते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप व उपाय यांचे विवेचन केले आहे.

प्रादुर्भावाचे स्वरूप :
उष्ण कटिबंधात, म्हणजेच भारतातही, 'सायमेक्स हेमिप्टेरस' ही जाती प्रामुख्याने आढळते. प्रौढ ढेकूण सुमारे ५ मि.मी. लांब, चपटा व उडू न शकणारा असतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर तो पाच अवस्थांतून जातो व प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला रक्ताची गरज असते. अंथरुणाजवळ ठेवलेल्या पुस्तकाच्या कण्यात अथवा पुठ्ठ्याच्या सांध्यात तो लपतो आणि देवघेवीतून ग्रंथालयात येतो. तेथे बाकांच्या फटी व खुर्च्यांच्या शिवणी त्याला आश्रय देतात. काळे ठिपके, टाकलेली कात व पांढरट अंडी ही त्याची लक्षणे होत. ढेकणामुळे माणसांत रोगप्रसार होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र खाज व मानसिक अस्वस्थता यांमुळे वाचक दुरावतो.

उपाययोजना :
१) परत आलेली पुस्तके देवघेव विभागातच तपासावीत. संशयित पुस्तक त्वरित पॉलिथिनच्या पिशवीत बंद करावे.
२) असे पुस्तक उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतपेटीत किमान चार दिवस ठेवावे. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा कागदावर दव साचते.
३) उन्हात टाकण्याचा घरगुती उपाय ग्रंथांसाठी अयोग्य आहे. त्याने कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि आतल्या भागापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचेल याची खात्री नसते.
४) लाकडी बाकांच्या फटी बुजवाव्यात. फर्निचरवर वाफेचा प्रयोग परिणामकारक ठरतो. अंड्यांतून पिले बाहेर पडण्यास साधारणतः आठवडा ते दहा दिवस लागत असल्याने दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक आहे.
५) डीडीटी व पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांना ढेकणांनी प्रतिकारक्षमता मिळविली आहे, त्यामुळे केवळ फवारणीवर विसंबू नये. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने भारतात मृत्यू ओढवले आहेत.

वाचक व ग्रंथालय :
अमेरिकेतील डेन्व्हर सार्वजनिक ग्रंथालयात २००९ मध्ये एका ज्येष्ठ वाचकाने परत केलेल्या पुस्तकांत ढेकूण आढळले. पुस्तके नष्ट करण्यात आली व त्या वाचकास ग्रंथालयात येण्यास मनाई झाली. संग्रह व इतर वाचक यांच्या रक्षणाची निकड मान्य केली तरी येथे मूलभूत प्रश्न उभा राहतो. ढेकूण हे अस्वच्छतेचे अथवा दारिद्र्याचे प्रमाण नव्हे. तो वसतिगृहांतून व प्रवासातूनही येतो. दंडाची भीती असल्यास वाचक ही बाब लपवील व प्रादुर्भाव वाढेल. म्हणून वाचकाचे नाव गोपनीय ठेवून त्याला बंद पिशवीत पुस्तके परत करण्याची सोय द्यावी.

समारोप :
डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाला मध्यवर्ती स्थान आहे. ढेकणाचे नियंत्रण करताना वाचकाचा सन्मान राखला गेला, तरच ग्रंथालयाचे सार्वजनिकत्व टिकेल.