रबराची पांढरी मूळकूज

ब्राझीलच्या रबराची २२ रोपे १८७७ साली लंडनच्या क्यू उद्यानातून सिंगापूरला पोहोचली. पुढे मलायातील जंगले तोडून रबराचे मळे उभे राहिले. १९०४ साली सिंगापूर वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडले यांनी या झाडांवरील मूळकुजीची नोंद केली.

रोगाचे कारण असलेली रिजिडोपोरस मायक्रोपोरस ही बुरशी जंगलातलीच. झाडे तोडली, तरी बुडखे जमिनीत राहिले. त्या मेलेल्या लाकडावर ती पोसली आणि तिचे पांढरे, दोरीसारखे तंतू रबराच्या मुळांवर चढले. रोगी मूळ शेजारच्या मुळाला भिडले, की रोग पुढच्या झाडात जातो. पाने पिवळी पडून मळेवाल्याच्या ध्यानात येईपर्यंत बरीचशी मुळे कुजलेली असतात.

म्हणून खरा इलाज लागवडीपूर्वीचा: बुडखे मुळांसकट उपटायचे. नंतर ओळींमध्ये द्विदल वेली पसरवायच्या. त्यांच्या दाट, ओलसर सावलीत उरलेले लाकूड लवकर कुजून बुरशीचे अन्न संपते. जुना मळा तोडून नवा लावतानाही हेच करावे लागते. वरून मोकळी दिसणारी जमीन खाली मोकळी नसते. तिथे मागचे झाड अजून शिल्लक असते.